चेल्टनहॅमच्या शिक्षिका पंडिता रमाबाई : धर्म बदलल्यानंतरचं रोजचं जगणं

पंडिता रमाबाईंवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या मुली, ‘केसरी’शी झालेला वाद या गोष्टी आपल्या कानावर असतात. त्यांचं धर्मांतर तर आजही कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात खुपत असतं. पण धर्म बदलल्यानंतरची लगेचची दोन वर्षं त्या कुठं होत्या, कशा राहत होत्या, काय खात होत्या, हे फारसं कुणी विचारत नाही. १८८४ ते १८८६ या काळात त्या इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम या गावी, मुलींच्या एका नावाजलेल्या कॉलेजात संस्कृत शिकवत होत्या आणि स्वतःही शिकत होत्या. परका देश, नुकताच स्वीकारलेला धर्म आणि पदरी तीन वर्षांची मुलगी.

रमाबाईंच्या सबंध आयुष्यातला हा तुकडा मला सर्वांत जवळचा वाटतो. एखादा धर्म मानायचा म्हणजे नेमकं काय काय मानायचं? त्या धर्मासोबत आलेली भाषा, जेवण, पोशाख, वडीलधाऱ्यांची हुकमत हेही सगळं मानायचं का? हे प्रश्न त्यांच्यापुढे रोज येत होते आणि मराठी मुसलमानांना ते अनोळखी नाहीत.

या दोन वर्षांची हकिगत आपल्याला कळते ती त्यांच्या पत्रव्यवहारातून. रमाबाई, त्यांना धर्मात घेणाऱ्या सिस्टर जेराल्डिन आणि कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्यातली ही पत्रं सिस्टर जेराल्डिननीच जपून, जुळवून ठेवली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ती प्रकाशित केली. संपादक होते अ. भि. शहा. हमीद दलवाईंचे सहकारी म्हणून आपल्यातल्या अनेकांना हे नाव माहीत असेल. पत्रं इंग्रजीत आहेत. त्यामुळं महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या संस्कृत पंडितेचे हे वाद मराठी वाचकांपर्यंत तितकेसे पोहोचले नाहीत.

इंग्लंडपर्यंतचा रस्ता

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मपीठापुढं जाब द्यावा लागला होता. त्यांनी शास्त्रांचे दाखले देऊन आपली बाजू मांडली, पण गावात न राहता जंगलात आश्रम बांधून राहणं पसंत केलं. त्या आईनंच रमाबाईंना संस्कृत शिकवलं. पुढं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरलं. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. रमाबाई भावासोबत चालत राहिल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. नंतर भाऊही गेला. त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या दुसऱ्या जातीतल्या बंगाली वकिलाशी लग्न केलं. दोन वर्षांत तेही वारले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

१८८२ साली पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढं स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाचे पैसे प्रवासाला कामी आले. १८८३च्या एप्रिलमध्ये मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत यांना घेऊन त्या मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. डॉक्टर व्हायचं होतं.

राहायची सोय वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात झाली. या मठाच्या सिस्टर्स पुण्यात काम करत, तिथली ओळख होती. रमाबाईंनी फुकट राहायचं नाही असं ठरवलं होतं. हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टर्सना त्या मराठी शिकवणार आणि त्या बदल्यात राहणार, अशी व्यवस्था झाली. म्हणजे परदेशातलं त्यांचं पहिलं काम मराठीच्या शिक्षिकेचं होतं.

मग एकामागून एक धक्के बसले. ऐकू कमी येत असल्यानं डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. आनंदीबाई भगत यांनी तिथंच आपलं आयुष्य संपवलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. एकटी, दुःखी, आश्रित बाई होती म्हणून तिनं धर्म बदलला, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण पुढच्या दोन वर्षांतली पत्रं वाचली की हे म्हणणं टिकत नाही. ज्यांच्या आसऱ्याला होत्या त्यांनाच त्या ज्या पद्धतीनं उत्तरं देतात, ती आश्रिताची भाषा नाही.

वर्ग आणि खोली

चेल्टनहॅम हे पश्चिम इंग्लंडमधलं औषधी पाण्याच्या झऱ्यांचं गाव. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेले लष्करी आणि मुलकी अधिकारी तिथं मोठ्या संख्येनं स्थायिक झाले होते. म्हणजे ज्या गावात रमाबाई राहायला गेल्या तिथं हिंदुस्थान ‘माहीत’ असलेली माणसं पुष्कळ होती. फक्त ती साहेब म्हणून हिंदुस्थानात राहिलेली होती आणि समोर आलेली ही बाई त्यांच्या मुलींची शिक्षिका होती.

डोरोथिया बील १८५८ पासून कॉलेजच्या प्रमुख होत्या. मुलींनी गणित आणि विज्ञान शिकावं, हे म्हणणं इंग्लंडमध्येही सहज पचत नव्हतं, त्या काळात त्यांनी ते करून दाखवलं होतं. पुढं ऑक्सफर्डमधलं सेंट हिल्डाज हे महिला महाविद्यालयही त्यांनीच काढलं. त्यांनी रमाबाईंना संस्कृत शिकवायला दिलं आणि त्यांच्या इंग्रजी, गणित, विज्ञानाच्या शिक्षणाची सोय केली. एका तासाला शिक्षिका, दुसऱ्या तासाला विद्यार्थिनी. ज्या बाईच्या आईला संस्कृत शिकवणं हा गुन्हा ठरत होता, ती इंग्लंडमध्ये त्याच भाषेच्या बळावर आपलं पोट भरत होती, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे.

मनोरमा बराच काळ वाँटेजला सिस्टर्सकडे असे. लेक एका गावी, आई दुसऱ्या. सुट्टीत भेट. आज नोकरीसाठी कुवेत-दुबईत असलेल्या आपल्या कोकणातल्या घरांना अशा संसाराबद्दल वेगळं सांगायला नको.

ताटातला धर्म

पहिली कुरबुर जेवणावरून झाली. रमाबाई मांस, मासे, अंडी खात नसत. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी ही सवय सोडली नाही. सिस्टर जेराल्डिनना यात जातीचा अभिमान उरलेला दिसला. ख्रिस्ती झालेल्या बाईनं इतकं वेगळं का राहावं, असा त्यांचा सूर होता.

रमाबाईंचं उत्तर ठाम आहे आणि खट्याळही. माझ्यात जातीचे पूर्वग्रह उरले असतील, हे त्या कबूल करतात. पण लगेच विचारतात, की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि तिनं आपल्या सवयी बदलल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का? पुढं जाऊन त्या म्हणतात, हवं तर माझा गर्व पुडिंगात आणि भातात शोधा, बूट-मोज्यांत शोधा, माझ्या खोलीत रोज जळणाऱ्या कोळशातही शोधा. त्या कोळशाच्या उल्लेखापाशी मी थबकतो. उष्ण देशातून आलेली ही बाई इंग्लंडच्या थंडीत शेकोटीला जास्त कोळसा जाळत असणार आणि कुणीतरी त्याचाही हिशेब ठेवत असणार.

आपल्या पूर्वजांच्या चालीरीती जमेल तितक्या पाळणं आणि स्वतःला हिंदू म्हणवून घेणं आपल्याला आवडतं, असंही त्या लिहितात. यावर दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, ‘हिंदू’ हा शब्द त्या इथं आपल्या माणसांचं, आपल्या देशाचं नाव म्हणून वापरतात. आज ‘सगळे सांस्कृतिकदृष्ट्या हिंदूच’ असं आपल्यावर वरून लादलं जातं, त्याला या वाक्याचा आधार घेता येणार नाही. रमाबाईंनी तो शब्द स्वतः निवडला होता, आणि तोही सत्ताधारी इंग्रजांच्या देशात, त्यांच्याच तोंडावर. दुसरी गोष्ट, ज्या चालीरीतींना त्या पूर्वजांच्या म्हणतात, त्या एका जातीच्या होत्या. हिंदुस्थानातले बहुसंख्य लोक तेव्हाही मांस-मासे खात होते. म्हणून सिस्टर जेराल्डिनचा जातीबद्दलचा संशय अगदीच खोटा म्हणता येत नाही.

तरीही मी रमाबाईंच्या बाजूनं आहे. आपल्या ताटात काय असावं हे आपल्याला आसरा देणाऱ्यानं ठरवू नये, एवढंच त्या म्हणत होत्या. हा हक्क अंडं न खाणाऱ्या बाईला असेल, तर मटण खाणाऱ्या भाडेकरूलाही तो असला पाहिजे. आपल्याकडच्या शहरांत घर शोधताना ‘नॉनव्हेज चालणार नाही’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना चेल्टनहॅमचा हा वाद जुना वाटणार नाही.

क्रूसावरची अक्षरं

दुसरा वाद भाषेचा. अंगावर घालायच्या क्रूसावर लॅटिन शब्द असावेत, असा सिस्टर्सचा कल होता. रमाबाईंना तिथं संस्कृत हवं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लॅटिन मला कळत नाही, माझ्या देशातल्या लोकांनाही कळत नाही. मग त्या अक्षरांचा उपयोग काय? आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्यानं सिस्टर जेराल्डिन नक्कीच अस्वस्थ झाल्या असतील. संस्कृत हीच पवित्र, बाकी भाषा कमी, असं ब्राह्मणांना वाटतं, तसंच तुम्हाला लॅटिनबद्दल वाटतं का?

या प्रश्नाचा रोख आपल्याकडंही वळतो. अरबी ही कुरआनची भाषा आहे, नमाजची भाषा आहे, तिची थोरवी मान्यच आहे. पण अरबीचं पावित्र्य आपल्याकडं अनेकदा उर्दूलाही बहाल केलं जातं आणि मराठी मात्र बाजारात, कचेरीत बोलायची भाषा ठरते. दीन मराठीत सांगितला की तो जरा पातळ झाला, असं मानणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. खरं तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. कोकणातल्या, देशावरच्या, विदर्भातल्या कितीतरी मुस्लीम घरांत आईची अंगाई मराठीच्याच कुठल्या तरी बोलीत असते. तरी आपण चांगलं मराठी बोललो की बाहेरचे चकित होतात आणि धर्मावर मराठीत लिहिलं की आतले चकित होतात. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं. ज्या अक्षरांवर मी माझं इमान लिहायचं, ती अक्षरं मला आणि माझ्या माणसांना वाचता यायला हवीत.

यात एक पेच आहे, तोही सांगतो. संस्कृत तरी किती हिंदुस्थानी लोकांना कळत होतं? जी भाषा शिकल्याबद्दल त्यांच्या आईला त्रास झाला, तीच भाषा त्या क्रूसावर मागत होत्या. पुढच्या आयुष्यात त्यांनी स्वतःच याचं उत्तर शोधलं. केडगावला राहून, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावं अशा सोप्या मराठीत. संस्कृतच्या या पंडितेनं त्यात जड संस्कृत शब्द जाणीवपूर्वक टाळले. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं, त्याच्या थोडं आधी हे काम पूर्ण झालं होतं.

पुरुषांना शिकवायचं की नाही?

तिसरा वाद शिक्षिका म्हणून त्यांच्या कामाचा. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं, अशी कल्पना बीलबाईंच्या मनात होती. त्यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात बाईनं पुरुषांना शिकवणं लोकांना खपणार नाही, परतल्यावर तिचा प्रभाव राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

रमाबाईंना याचं आश्चर्य वाटलं. हिंदुस्थानात त्या पुरुषांनी भरलेल्या सभांत बोलल्या होत्या, शास्त्र्यांशी वाद घालत होत्या. बाईनं पुरुषांना शिकवायला माझ्या वडिलांची हरकत नव्हती, नवऱ्याची नव्हती, मग ती इंग्रजांची कशी, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या समाजातल्या बायकांना काय चालतं, हे त्यांना न विचारता परके बिशप ठरवत होते आणि तेही त्यांच्या भल्याच्या नावाखाली.

मुस्लीम स्त्रियांच्या बाबतीत हे आपण रोज पाहतो. तिनं काय घालावं, कुठं शिकावं, काय बोलावं, यावर बाहेरचे हितचिंतक बोलतात, घरातले मौलवी बोलतात. तिला विचारायचं तेवढं राहून जातं. बिशपांचा युक्तिवाद पुन्हा वाचा. त्यात तिच्या योग्यतेवर शंका नाही. ‘लोक काय म्हणतील’ एवढंच आहे. आपल्या घरांतही मुलीचं पुढचं शिक्षण याच वाक्यावर अडतं.

श्रद्धेची घासाघीस

सर्वांत मोठा संघर्ष श्रद्धेवरूनच झाला. रमाबाईंना येशूंची शिकवण भावली होती. पण चर्चनं सांगितलं म्हणून प्रत्येक सिद्धांत मान्य करायला त्या तयार नव्हत्या. त्रैक्याच्या सिद्धांतावर, कुमारी मातेच्या पोटी झालेल्या जन्मावर त्या प्रश्न विचारत होत्या आणि याला ग्रंथात आधार कुठं आहे, हे दाखवा म्हणत होत्या. सिस्टर जेराल्डिनना वाटे, की नव्या लेकरानं आधी आज्ञा पाळायला शिकावं. रमाबाईंनी कळवलं, की आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवल्यावर तसलंच दुसरं जोखड घ्यायची त्यांची तयारी नाही. बील यांचा स्वभाव वेगळा होता. त्या स्वतः श्रद्धाळू होत्या, पण शंका ऐकून घेत, लांब पत्रं लिहून चर्चा करत. रमाबाई टिकल्या त्यात या शिक्षिकेचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

त्रैक्यावरच्या या शंका वाचून आपल्यातल्या कुणाला वाटेल, बघा, त्या तौहीदच्या किती जवळ होत्या! असं ओढून आणणं बरोबर होणार नाही. रमाबाई शेवटपर्यंत ख्रिस्तीच राहिल्या आणि त्यांची श्रद्धा पुढं अधिकच उत्कट झाली. त्यांच्याकडून घ्यायचं ते वेगळं आहे. प्रश्न विचारणारी व्यक्ती त्या धर्मातली राहू शकते, उलट तिला कदाचित त्या धर्माची जास्त गरज असते. आपल्याकडं प्रश्न विचारणाऱ्याला पहिल्याच दिवशी बाहेरचा रस्ता दाखवायची घाई होते.

लेकीच्या बाबतीतही त्या सावध होत्या. जे आपल्यालाच पटलेलं नाही ते मनोरमेला पाठ करायला लावू नये, असा त्यांचा आग्रह. तिनं हिंदुस्थानची लेक म्हणून वाढावं, आपल्या देशाचं नाव निघाल्यावर तिला लाज वाटू नये, ही त्यांची काळजी होती. परदेशात घर केलेल्या लोकांच्या मुलांचं असं होतं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

दोन्हीकडून परकी

इकडं पुण्या-मुंबईत काय चाललं होतं? धर्मांतराची बातमी आल्यावर वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली. जाताना ख्रिस्ती होणार नाही म्हणाल्या होत्या, फसवलं, अशी भावना होती. त्यांच्या बाजूनं ठामपणे उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची पाठराखण केली. ज्या धर्मानं बाईला माणूस मानलं नाही तो तिनं सोडला तर दोष कुणाचा, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

म्हणजे मायदेशात त्या ‘इंग्रजांच्या’ झाल्या होत्या आणि इंग्लंडमध्ये ‘अजून हिंदूच’ होत्या. पुण्याला त्यांच्या क्रूसाची अडचण होती, वाँटेजला त्यांच्या भाताची. कुणा एका बाजूला पूर्ण शरण गेल्या असत्या तर आयुष्य सोपं झालं असतं. त्यांनी तसं केलं नाही, आणि त्याची किंमत पुढंही मोजली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झालं तेव्हा तिथं हिंदू मुलींना आपले आचार पाळायची मोकळीक होती. मुली त्यांच्या प्रार्थनेकडं ओढल्या जातात म्हटल्यावर पुण्यात वादळ उठलं, सल्लागार सोडून गेले. दोन्हीकडचा संशय त्यांना जन्मभर पुरला.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई चेल्टनहॅम सोडून अमेरिकेला निघाल्या. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर होत होत्या. ११ मार्च १८८६च्या पदवीदान समारंभाला रमाबाई हजर होत्या. आनंदीबाई हिंदूच राहून परतणार होत्या आणि रमाबाई ख्रिस्ती होऊन. एकीनं धर्म राखला, दुसरीनं बदलला. परदेशात दोघींनाही रोज एकाच गोष्टीसाठी झगडावं लागलं. आपण कोण आहोत हे आपणच सांगू, दुसऱ्यानं सांगायचं नाही.

मराठी मुसलमानांच्या चर्चेत ‘आधी मराठी की आधी मुसलमान’ हा प्रश्न अधूनमधून उकरून काढला जातो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो आणि चेल्टनहॅमची पत्रं त्याला कारण आहेत. त्या खोलीत राहणाऱ्या बाईला येशू हवा होता, मात्र त्यासोबत येणारं लॅटिन नको होतं. तिला इंग्रजांचं विज्ञान हवं होतं, पण त्यांच्या बिशपांचा हुकूम नको होता. काय घ्यायचं आणि काय नाही, याची यादी तिनं स्वतः केली होती आणि प्रत्येक ओळीसाठी तिच्याकडं कारण होतं. आपणही आपली यादी स्वतः करावी. ती करताना चुकतही असू, रमाबाईही कुठं कुठं चुकल्या असतील. पण ती आपल्या हातची असावी आणि जमलं तर आपल्या मुलांना वाचता येईल अशा मराठीत असावी.